नोकरीचा मुऱ्हाळी

परवा सकाळी आमच्या गल्लीच्या टोकाला निंबावर झोका बांधला गेला. दोर करकरायला लागला, पोरींचा गलका वर चढला आणि माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आखाजी आली. बाकीच्या महाराष्ट्रात या दिवसाला अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनं घेऊन मोकळे होतात. आमच्या खानदेशात मात्र आखाजी म्हणजे लेकीबाळींची दिवाळी. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पुरुषमंडळी एरवी लपवून खेळतात ते पत्ते त्या दिवसांत ओट्यावर बसून उघड खेळतात.

ऊन असं की दुपारी जळगावचे रस्ते कुणीतरी झाडून नेल्यासारखे मोकळे होतात. गच्च्यांवर कुरडया वाळतात. डाळमिलवरून येणाऱ्या गरम वाऱ्याला भाजलेल्या चण्यासारखा वास असतो. माणसं डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून, डोळे बारीक करून, कामापुरतीच बोलतात. आणि या सगळ्यात माझं मन मात्र शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच्या पोरासारखं उड्या मारू लागतं. दरवर्षी. ते त्या एका उन्हाळ्यापासून.

आता पन्नाशी गाठली तरी माझी एक खोड गेलेली नाही. आनंद झाला की पाठोपाठ मला अपराधी वाटतं. कुणाच्या तरी वाट्याचं आपण उचललं असं वाटतं. त्या उन्हाळ्यात मला इतका आनंद झाला होता की अपराधीपणही त्याच मापाचं होतं.

आमची कंपनी मध्यम आकाराची. ठिबक सिंचनाच्या नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह बनवते. कारखाना एमआयडीसीत, आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथे शेताच्या नकाशावर नळ्यांची आखणी होते आणि शेतकऱ्यांचे फोन घेतले जातात. पाणी शेवटच्या झाडापर्यंत जात नाही, फिल्टर तुंबला, खत कसं सोडायचं, असे फोन. कोरोनात कारखाना थोड्याच दिवसांत सुरू झाला, पण वरचा मजला बंद राहिला तो राहिलाच. सगळे घरून काम करायला लागले. काम व्यवस्थित होत होतं, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. साथ ओसरली, लग्नं पुन्हा धूमधडाक्यात लागायला लागली, तरी आमचा मजला बंदच. मग एप्रिलमध्ये पुण्याच्या मुख्य कार्यालयातून निरोप आला: आखाजीनंतरच्या सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. आखाजीपर्यंत जो होकार कळवणार नाही, त्याची जागा पुण्याला हलवली जाईल.

हे सगळं जमवून आणायची जबाबदारी माझ्यावर, कारण ऑफिसचं व्यवस्थापन माझ्याकडे.

निरोप वाचला आणि मी अक्षरशः उभा राहिलो. आखाजीनंतरचा सोमवार! पुण्याच्या साहेबांना माहीत नसेल, पण आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीलाच संपतं आणि नवं साल तिथूनच ठरतं. जुन्या मालकाकडे राहायचं की दुसरीकडे जायचं, ते गडी त्या दिवशी सांगतो. यापेक्षा बरा मुहूर्त मी स्वतः काढला नसता. बायकोला, सुलभाला, हाक मारून सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "बरं झालं. मलाही माझं ऑफिस उघडायचंय."

मला कळेना. मग तिने मानेनेच पुढच्या खोलीकडे दाखवलं. त्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. मी घरून काम करायला लागलो तेव्हा माझं टेबल तिथे मांडलं आणि यंत्र मागच्या पडवीत गेलं. बायका ब्लाउज टाकायला येईनाशा झाल्या, कारण पुढच्या खोलीत एक पुरुष कानाला यंत्र लावून बसलेला. मला वाटत होतं तिने साथीमुळे काम कमी केलं. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी मी यंत्र पुढे आणून ठेवलं, तेल घातलं. तिने हसून फक्त यंत्राची जागा थोडी बदलली. आनंद आणि लाज एकाच ताटात वाढून आले, तसे त्या महिन्यात रोज येत राहिले.

कुलूप उघडलं तो दिवस आठवतो. वरच्या मजल्यावर कबुतरांनी संसार थाटला होता. झाडूवाल्या मावशींनी त्यांना शिव्या घालत घालत बाहेर काढलं. पंखा लावला तर पात्यांवरची धूळ पिठासारखी खाली आली आणि आम्ही दोघंही पांढरे झालो. पाण्याच्या टाकीला गंजाचा वास, कपाटात उंदरांनी कुरतडलेले नकाशे. पण खिडक्या उघडल्या आणि खालून प्लास्टिक वितळल्याचा तो ओळखीचा वास वर आला, तेव्हा मी खिडकीशी उभा राहून तो छातीभर ओढून घेतला. प्लास्टिकच्या वासाने भरून येणारा मी एकटाच असेन.

मग खुर्च्या यायला लागल्या. घरून काम सुरू झालं तेव्हा कंपनीने प्रत्येकाला आपली फिरती खुर्ची घरी न्यायला परवानगी दिली होती. त्या आता माणसांच्या आधी परतू लागल्या. त्या आठवड्यात जळगावात रिक्षांच्या मागे, टपावर, मोटारसायकलवर दोरीने बांधलेल्या, चाकं आभाळाकडे केलेल्या खुर्च्या दिसत होत्या. एका खुर्चीच्या हातावर पोराने चिकटवलेली क्रिकेटपटूंची चित्रं. एकीला हळदीचा डाग. एकीची जाळी फाटली होती, तर कुणाच्या तरी आबांनी ती बाजेच्या सुतळीने इतकी छान विणून दिली होती की मी ती स्वतःकरता ठेवून घ्यावी की काय असं मनात आलं. (घेतली नाही. पण मनात आलं होतं.) प्रत्येक खुर्ची घराचा वास घेऊन आली होती. मी त्या पुसत होतो आणि मला वाटत होतं, मी कुणाकुणाचं घर पुसून टाकतोय.

माणसं मात्र येईनात.

मी मेल पाठवली होती. इंग्रजीत, मोठी, उत्साहाने ओसंडणारी. एकत्र येण्याची मजा, नवी सुरुवात, चहा-नाश्ता कंपनीचा. उत्तरं आली ती अंगठ्याच्या चित्रांची. काहींनी होकार कळवला, पण त्यात उत्साह नव्हता, हजेरी होती. दोघांनी काहीच कळवलं नाही. एक खैरनार, आमचा आखणी करणारा, दीपनगरच्या वीज केंद्राजवळ राहणारा. आणि दुसरी ज्योत्स्ना.

ज्योत्स्ना शेतकऱ्यांचे फोन घ्यायची. कृषी पदविका झालेली, अहिराणी आईच्या दुधाबरोबर आलेली. शेतकरी वैतागून फोन करायचे, ती "मी आठेच शे", मी इथेच आहे, म्हणायची, आणि ते हसत ठेवायचे. पूर्वी ती आणि तिचा नवरा जळगावातच भाड्याने राहत. कोरोनात खोली सोडून दोघं धुळ्याला सासरी गेली, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नवऱ्याने तिकडेच पतसंस्थेत नोकरी धरली, आणि ती तिथूनच फोन घेऊ लागली. तिची जागा पुण्याला गेली असती तर तिथल्या कुणा गोड आवाजाच्या मुलीने रावेरच्या केळीवाल्याला शुद्ध भाषेत विचारलं असतं, "मी आपली काय मदत करू शकते?" आणि त्याने फोन ठेवून दिला असता. पण ते कंपनीचं नुकसान. ज्योत्स्नाचं नुकसान त्याहून साधं होतं. तिची नोकरी गेली असती.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बघते सर." त्यापुढे काही नाही. मी मनात ठरवून टाकलं की तिला यायचं नाही. घर, सासू, अंतर, कशाला येईल? रात्री जेवताना सुलभाला हे सांगितलं. मेल केली, फोन केला, अजून काय करायचं माणसाने? तिने भात वाढता वाढता विचारलं, "आखाजीला मी माहेरी अमळनेरला जायचे ते काय मेल वाचून जायचे का?"

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे सासरची पोर आखाजीला आपण होऊन माहेरी जात नाही. तिला न्यायला घरचा कुणीतरी येतो, भाऊ, काका, चुलतभाऊ, कुणीही. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो येतो, सासरच्यांशी चार गोष्टी बोलतो, किती दिवसांकरता नेणार याची घासाघीस होते, जेवतो, आणि पोरीला घेऊन जातो. पोरीला वाट माहीत नसते म्हणून तो येत नाही. तुझी कुणीतरी वाट बघतंय, हे चारचौघांत दिसावं म्हणून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढून दीपनगरला निघालो.

खैरनारचे वडील वीज केंद्रातून निवृत्त झालेले. धुराड्यांच्या सावलीतलं छोटं क्वार्टर सोडून त्यांनी जवळच घर बांधलंय. मी गेलो तेव्हा बाप-लेक कॅरम खेळत होते. खैरनार मला बघून चोरी पकडल्यासारखा उठला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की नानांना दुपारची ही सवय लागली आहे, आई गेल्यापासून तेवढीच गंमत आहे त्यांना, मी गेलो तर ते कसे राहतील. मी आपला ऐकत होतो आणि नेहमीप्रमाणे मनात शरमत होतो की मी एका म्हाताऱ्याचा खेळ मोडायला आलोय.

नानांनी सोंगटीवरून नजर न हलवता आवाज दिला, "साहेब, घेऊन जा हो याला. दीड वर्ष झालं, पोर रोज मुद्दाम हरतंय. मला काय कळत नाही? शेजारच्या चौधरीला बोलवतो आता. तो हरामखोर चिटिंग करतो, पण जिंकायला तर खेळतो."

खैरनार लाल झाला. मग तिघंही हसलो. येताना मी वारा कापत, एकटाच मोठ्याने काहीतरी गुणगुणत आलो. उन्हाने ओठ फुटले होते, तरी.

आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याची एसटी धरली. हापूस नाही, आपले साधे आंबे आणि पेढ्यांचा पुडा बरोबर. रिकाम्या हाताने कसं जाणार?

गाडी लेकीबाळींनी भरलेली होती. प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर, पायाशी एक पिशवी, आणि शेजारी, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवलेला, एक मुऱ्हाळी. पाळधी गेलं, एरंडोल आलं. पद्मालयाच्या गणपतीच्या फाट्यावर दोघी जणी हात जोडून पुन्हा बोलायला लागल्या. खिडकीबाहेर काळी रानं नांगरून तापत पडलेली. अधूनमधून एखाद्या तयार केलेल्या तुकड्यावर मेमधल्या कपाशीकरता नळ्या अंथरायचं काम चाललेलं. ते दिसलं की माझा जीव हरखायचा, जणू माझ्या घरचं कार्य चाललंय. खिडकीतून झळ यायची ती भट्टीचं दार उघडल्यासारखी, आणि तरी गाडीत कुणी कावलेलं नव्हतं. घरी निघालेली माणसं उन्हाला मोजत नाहीत.

पारोळ्याला माझ्या शेजारी एक बाई बसली. धुळ्याची लेक, पारोळ्याला दिलेली, भावाबरोबर माहेरी निघालेली. भाऊ मागे उभा. तिने माझ्या मांडीवरच्या आंब्यांकडे बघून विचारलं, "कोनले लेवाले चालनात, भाऊ?"

कुणाला न्यायला चाललात. आता काय सांगायचं? आमच्या कंपनीचं धोरण बदललंय आणि एका कर्मचारी महिलेला कामावर परत आणायचंय? माझ्या तोंडून निघून गेलं, "बहिणीला."

खोटं बोललो की माझे कान गरम होतात. त्या उन्हात कुणाला कळलं नाही. बाईला आनंद झाला. बहीण कुठे दिली, कुणाच्या घरी, एकेक विचारत गेली, आणि पत्ता तर मला विचारायचाच होता म्हणून मी सांगितला. ती जवळजवळ उभीच राहिली. तिचं माहेर त्याच गल्लीत होतं.

मग मला उतरून पत्ता शोधावा लागला नाही. रिक्षातही तिने मला आपल्याबरोबर कोंबलं. गल्लीत शिरताच, मी काही बोलायच्या आत, तिने अशी आरोळी दिली की ओट्यावर पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले: "अक्का वं! तुमनी वहूना भाऊ ऊना! मुऱ्हाळी ऊना!"

सुनेचा भाऊ आला म्हटल्यावर दारं उघडली. बायका बाहेर आल्या. ज्योत्स्नाच्या सासूबाई, सगळी गल्ली ज्यांना अक्का म्हणते त्या, काठी टेकत उंबऱ्यात आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मागे ज्योत्स्ना. हाताला पीठ, चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला नंतर कळलं ते त्या उंबऱ्यातल्या दोघींना ठाऊक होतं: ज्योत्स्नाला भाऊ नाही. वडील गेल्यापासून तिच्याकडे मुऱ्हाळी म्हणून कुणी आलेलंच नव्हतं. गल्लीतल्या सुना आखाजीला निघायच्या आणि ही सांजोऱ्या तळत बसायची.

पळून जावं असं वाटलं. दोन पावलं मागे सरकलोही असेन.

अक्कांनी गल्लीकडे पाहिलं, आंब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्या माणसांपुढे हा भाऊ नाही म्हणाल्या असत्या तर माझी शोभा झाली असती आणि त्यांच्या सुनेची त्याहून जास्त. त्या म्हणाल्या, "येवा. बसा. मुऱ्हाळी ऊना ते पाणी तरी पेवा."

आत आल्यावर मी आधी माफी मागितली. गाडीतलं खोटं, बाईची आरोळी, सगळं सांगून टाकलं. मग खरं काम सांगितलं. उद्यापर्यंत होकार हवा, नाहीतर जागा जाईल. अक्का ऐकत होत्या. ज्योत्स्ना आतल्या दाराला टेकून उभी. मी थांबल्यावर अक्कांनी पदराने वारा घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत गंमत आली.

"नोकरीले बी मुऱ्हाळी लागस का, भाऊ?"

म्हटलं, लागतो असं दिसतंय.

"मग बोला. आखाजीले पोर माहेरले जास ती चार दिवस ऱ्हास. तुमनी कंपनी कितला दिवस ठेवी?"

मी म्हटलं, आठवड्याचे सगळे दिवस. त्यांनी काठी आपटली. मुऱ्हाळीने एवढं मागायचं नसतं म्हणाल्या, सासरचं कोण बघणार? दोन दिवस. मी म्हटलं, दोन दिवसांत काय होतं, चार तरी द्या. त्या अडीचवर आल्या. अर्धा दिवस कसा मोजायचा यावरून आमचा वाद झाला. मला अजिबात अधिकार नसलेल्या गोष्टीची मी घासाघीस करत होतो, पुण्याचा निरोप स्पष्ट होता, आणि तरी मला त्यात झिंग चढत चालली होती. आम्ही दोघं साडेतीनच्या आसपास येऊन अडलो होतो.

"माझे दिवस तुम्हीच दोघं वाटून घेणार, की मला विचारणार?"

ज्योत्स्ना दारातच होती. आवाज चढलेला नव्हता. मी तिला फोनवर विचारलं होतं ते येणार का एवढंच, आणि तिच्या "बघते"चा अर्थ माझा मीच लावला होता.

ती मला आत घेऊन गेली. स्वयंपाकघराच्या मागे, धान्याच्या कोठ्या आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची आणि छोटं टेबल मावेल एवढी जागा होती. इथून तिने दोन वर्षं खानदेशभरचे फोन घेतले होते. भिंतीपलीकडे अक्कांची खाट. दुपारी त्यांचा डोळा लागलेला, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची खिडकी. फोनवर शेतकरी चालू मोटरीजवळ उभा राहून ओरडणार, ऐकू येत नाही, मोठ्याने बोला. आणि ही तोंडावर हात धरून पुन्हा पुन्हा तेच सांगणार. नाहीच जमलं की लिहून पाठवणार. काही जणांना वाचता येत नसे, मग ते वाचून दाखवायला पोर घरी यायची वाट बघायचे. तोवर बाग तहानलेली.

"सर, दोन वर्षांत मी एकदाही मोठ्याने बोलले नाही," ती म्हणाली. "मला यायचंय. पण ते कसं म्हणायचं तेच विसरले होते."

अक्का काठी टेकत मागे आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी तुले कधी म्हनं का, हळू बोल म्हनीसन?"

"नाही अक्का. तुम्ही नाही म्हणालात. सुनेला म्हणावं लागत नाही."

असं वाक्य ऐकलं की माझ्यासारख्या माणसाला आपल्याच घरातल्या पडवीत ठेवलेलं शिवणयंत्र दिसतं. पण त्या घडीला माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ते योग्यच होतं. अक्कांनी त्या कोठीमागच्या जागेकडे असं पाहिलं जणू आपल्याच घरात नवी खोली सापडली. खाटेपासून ती भिंत किती जवळ आहे, हे त्यांनी काठीने ठोकून पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेल्या, आणि सांजोऱ्यांचा डबा भरायला लागल्या. दाबून दाबून भरत होत्या. सून म्हणाली, एवढ्या कशाला? त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मुऱ्हाळीले रिकामा हाते धाडतस का?"

दिवस ज्योत्स्नाने सांगितले. सोमवारी सकाळी येणार, जळगावात मैत्रिणीच्या खोलीवर राहणार, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने परत. शुक्रवारचं काम घरून, पण पुढच्या खोलीत, दार उघडं ठेवून. नवऱ्याशी तिचं बोलणं आधीच झालं होतं. अडत होतं ते फक्त अक्कांपाशी, आणि तेही अक्कांना माहीत नसताना.

निघालो तेव्हा गल्लीतली ती एसटीतली बाई तिच्या ओट्यावर झोका बांधून घेत होती. बहीण बरोबर नाही हे बघून तिने विचारलं, काय झालं. अक्काच उंबऱ्यातून म्हणाल्या, सोमवारले जाई ती. बाईचं समाधान झालं.

पुण्याला फोन मी धुळ्याच्या स्टँडवरूनच लावला, घरी जाईपर्यंत माझं धैर्य टिकणार नाही या भीतीने. गाड्यांच्या भोंग्यांत मी साहेबांना सांगितलं की आम्ही चार दिवसांचा शब्द दिलाय. त्यांनी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, तीन महिने करून बघा. एवढ्यावर मी फलाटावर उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायलो आणि एक ग्लास शेजारच्या अनोळखी माणसाला पाजला.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, माणसांना परत आणणं म्हणजे काय हे मला त्या महिन्याआधी कळलेलंच नव्हतं. मला वाटायचं, दार उघडायचं, पंखे पुसायचे, तारीख कळवायची. पण जो घरी राहिला तो काही नुसता घरी बसलेला नसतो. त्याच्याभोवती तिथे एक घडी बसलेली असते. कुणी बापाशी हरत असतो, कुणी कोठीमागे कुजबुजत असतं. ती घडी उलगडायला कुणालातरी त्या उंबऱ्यापर्यंत जावं लागतं. आणि गेलं तरी आपण कुणाची सुटका करायला आलोय असा ताठा धरून चालत नाही. त्या घरात आपणही पाहुणेच. आपल्यालाही पाणी प्यायला बसावं लागतं.

हे मी लिहितोय खरं, पण त्या सोमवारी असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी पहाटेच उठलो होतो. सुलभाने इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि मी निघायच्या आधीच तिच्या यंत्राची खडखड सुरू झाली. ऑफिसात पोचलो तर कुलूप उघडायला माझ्याआधी खैरनार हजर. मग एकेक जण जिना चढत आले. बूट घालायची सवय मोडल्यामुळे पाय अवघडत होते. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाची दाढी पिकलेली. कुणी कुणाला मिठी मारावी की नमस्कार करावा हे ठरेना, म्हणून सगळे एकमेकांच्या खांद्यावर चापट्या मारत होते. चहाला एवढी गर्दी झाली की मावशींनी दटावलं.

ज्योत्स्ना धुळ्याच्या पहिल्या गाडीने आली. दारात क्षणभर थांबली, पंख्याकडे, खिडक्यांकडे पाहिलं, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. आम्ही सगळे काही न बघितल्यासारखं करत बघत होतो.

फोन वाजला. यावलच्या बाजूचा कुणी केळीवाला असावा. मोटरीची घरघर आम्हालाही ऐकू येत होती. ज्योत्स्नाने सवयीने तोंडावर हात नेला. "बोला दादा," ती म्हणाली, जेमतेम ऐकू जाईल असं. पलीकडून माणूस ओरडला, काय म्हनं? तिने पुन्हा तेवढ्याच हळू सांगितलं. तो पुन्हा ओरडला.

मग तिने तोंडावरचा हात काढून टेबलावर ठेवला.

"दादा, पहिले मोटर बंद करा!" सगळा मजला दचकला. खाली कारखान्यातल्या एकाने मान वर करून पाहिल्याचं मी खिडकीतून पाहिलं. "हां, आते फिल्टरनं झाकन खोला. जाळी धुई काढा. घाई करू नका. काही जळत नही तुमनी बाग. फोन ठेवू नका दादा, मी आठेच शे."